डोंगर का पाणी?

मुलांनो, 'डोंगर का पाणी' हा खेळ तुम्ही नक्की खेळला असाल. ज्याच्यावर राज्य असतं त्याला बाकीची मुलं ओरडून विचारतात, "डोंगर का पाणी?" तो म्हणाला "पाणी!" की खालची सगळी जमीन त्याची. मग पायरी, कट्टा, पार, एखादा मोठा दगड, जे काही उंच असेल तो आपला डोंगर. डोंगरावर उभं असेपर्यंत कोणी आपल्याला बाद करायचं नाही. पण एकाच डोंगरावर ठाण मांडून बसलं तर खेळ कसला? ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर धूम पळायचं आणि मधल्या पाण्यात राज्यवाल्याच्या हाती लागायचं नाही, खरी मजा त्यातच!

आमच्या शाळेचं मैदान मुंबईच्या उपनगरात असतं तसंच आहे, म्हणजे हातरुमालाएवढं. त्याच्या एका टोकाला स्टेजच्या पायऱ्या, दुसऱ्या टोकाला पिंपळाचा पार, आणि बरोबर मध्ये पाण्याच्या नळांचा कट्टा. झाले तीन डोंगर. मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गाचा खेळ इतका रंगायचा, की घंटा झालेली कोणाला ऐकू येत नसे. (काहींना मुद्दाम येत नसे, ते मला माहीत आहे.)

दिवाळीच्या सुट्टीत नळाची पाइपलाइन बदलायला माणसं आली आणि त्यांनी मधला कट्टा फोडला. शाळा उघडल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला खरा, पण आता पायऱ्यांपासून पारापर्यंत एका दमात पळायला लागे. पहिल्या दिवशी चपळ मुलं पोचली. छोटी मुलं मध्येच पकडली गेली. दुसऱ्या दिवशी छोटी उतरेचनात. चौथ्या दिवशी मी पाहिलं तर काही मुलं पायऱ्यांवर बसलेली, काही पारावर बसलेली, आणि ज्याच्यावर राज्य होतं तो पोरगा एकटाच मध्ये उभा राहून नखं खात होता.

मी म्हटलं, "अरे, एक कट्टाच गेला ना? मी तुम्हाला दोन देते." आणि ऑफिसच्या मागच्या भिंतीशी विटांचे दोन ढीग होते, ते दाखवले.

मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंना काही म्हणजे काही कळत नाही. शेवटी एक मुलगी धीर करून म्हणाली, "बाई, तिकडे कोण जाणार? आम्हाला मध्ये पाहिजे."

'मध्ये पाहिजे' हे तिचे शब्द माझ्या डोक्यात अजून घोळतायत. कारण अगदी हाच खेळ आपल्या मुंबईत रोज रात्री चाललेला असतो. खेळणारे मात्र वेगळे असतात, आणि तिथे जो बाद होतो त्याला पुढच्या डावात घेत नाहीत.

आजोबांची पायपीट

ही अगदी खरी गोष्ट आहे, बरं का. २००९ सालच्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याच्या लोकांनी त्याला सुखरूप वर काढलं. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला. हा पट्टा म्हणजे मोठं हुशार यंत्र! उपग्रहांच्या मदतीने ते आपला ठावठिकाणा शोधतं आणि 'मी आत्ता इथे आहे' असा निरोप मोबाइलवर पाठवतं. हा बिबट्या वयस्कर आणि शांत वाटला, म्हणून त्याचं नाव पडलं 'आजोबा'. मग त्याला माळशेज घाटातल्या जंगलात सोडण्यात आलं.

सोडणाऱ्यांना वाटलं असेल, छान जंगल आहे, राहील इथे. पण आजोबांनी तिथे मुक्काम केला नाही. ते निघाले ते थेट पश्चिमेला. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. वसईच्या कारखान्यांच्या वस्तीजवळून गेले. पुढे वसईची खाडी आडवी आली, तर ती पोहून पार केली! आणि साधारण महिनाभरात आजोबा येऊन पोचले कुठे? मुंबईत, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. सगळी मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची चाल. एवढ्या वाटेत त्यांनी एकाही माणसाला ओरखडासुद्धा काढला नाही.

आता नकाशाचं पुस्तक उघडा आणि माळशेजपासून मुंबईपर्यंत बोट फिरवा. वाटेत शहापूरकडची रानं आहेत, तानसा अभयारण्य आहे, मग तुंगारेश्वर, मग खाडीच्या काठचं नागल्याचं जंगल, आणि खाडीपलीकडे राष्ट्रीय उद्यान. म्हणजे पायऱ्या, कट्टा, पार! आजोबा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जात होते. मधलं पाणी त्यांना ओलांडता आलं, कारण पुढचा डोंगर फार लांब नव्हता.

पण खेळात एकदा ना एकदा बाद व्हायची वेळ येतेच. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर गाडीची धडक बसून एक बिबट्या मेला. वनखाते बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवतं. ती तपासल्यावर कळलं, की हे आजोबाच. रूळ, कारखाने, खाडी यांतून सहीसलामत गेलेल्या आजोबांना शेवटी रस्त्याने गाठलं. पुढे २०१४ साली त्यांच्यावर 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक सुजय डहाके, आणि उर्मिला मातोंडकर त्यात अभ्यासकाच्या भूमिकेत आहेत. तो पाहिला नसेल तर पाहा.

शहराच्या पोटातलं जंगल

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. पश्चिमेला गोरेगाव ते दहिसर, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे आणि पवई. उत्तरेला घोडबंदर रस्ता, त्याच्यापलीकडे खाडी. बघा, चहूकडून वेढा पडलेला आहे! आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. त्या वेळी मुंबईची तहान भागवायला म्हणून या तलावांभोवतीचं रान राखलं गेलं, आणि आजही या तलावांचं पाणी मुंबईला मिळतं. त्याच्याही कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कान्हेरीच्या लेण्यांमध्ये भिक्षू राहत होते. तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी अजून आहेत. सहलीला गेलात तर नुसती धावपळ करू नका, पावसाचं पाणी वरच्या उतारावरून टाक्यात कसं वळवलंय ते नीट बघा. मी दर वर्षी मुलांना दाखवते आणि दर वर्षी मलाच ते नव्याने कळतं.

या जंगलात बिबटे किती? ते मोजायची युक्ती मोठी गमतीची आहे. वाटेवर दोन्ही बाजूंना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधून ठेवतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. फोटो जुळवून पाहिले, की एकच बिबट्या दहादा आला का दहा बिबटे आले, ते कळतं. अशा गणनेत २०१५ साली उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे आढळले होते, आणि २०१८ साली ४७. जगात एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत इतके बिबटे क्वचितच कुठे असतील.

मग तुम्ही म्हणाल, बाई, वाढतायत की! काळजी कसली?

काळजी पारावर बसलेल्या मुलांची. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं, की त्याला आईपासून वेगळं व्हावं लागतं. नराला तर स्वतःचं वेगळं रान लागतं. ते शोधायला तो बाहेर पडतो. बाहेर पडायची वाटच नसेल तर? एक तर मोठ्या नराशी भांडण, नाही तर कुठल्या तरी सोसायटीच्या आवारात शिरून गोंधळ. आणि बाहेरून नवा बिबट्या आत आला नाही, तर पिढ्यानपिढ्या तेच ते एकाच कुटुंबातले प्राणी उरतात. त्यांची पिल्लं हळूहळू दुबळी निपजू लागतात. समजा एखाद्या वर्षी रोगाची साथ आली आणि एका तुकड्यातली सगळी भेकरं मेली. शेजारच्या रानातून नवी भेकरं येऊ शकली तर तो तुकडा पुन्हा भरतो. नाही आली तर तिथून भेकर कायमचं गेलं. जंगल हिरवंगार दिसत राहतं, फोटोही छान येतात, पण आतून ते रिकामं होत जातं.

म्हणून शास्त्रज्ञ जंगलाच्या तुकड्यांइतकंच महत्त्व त्यांच्यामधल्या वाटेला देतात. तिला ते म्हणतात 'भ्रमणमार्ग'. शब्द जड आहे. आमच्या वर्गात आम्ही त्याला 'मधला कट्टा' म्हणतो.

माझ्या वर्गातल्या एकाने विचारलं होतं, "बाई, एवढा व्याप कशाला? बिबट्या पकडायचा, ट्रकमध्ये घालायचा आणि दुसऱ्या जंगलात सोडून यायचा!" प्रश्न चांगला आहे. मोठी माणसंही तेच म्हणतात. हा उपाय जुन्नर भागात करून झालेला आहे. तिथले बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडले, तेव्हा जिथे सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, असं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आलं. साहजिक आहे. तुम्हाला रात्री उचलून अनोळखी गावात सोडलं तर तुम्हीही बावचळाल. आणि आजोबांचं काय झालं, आठवा. माळशेजला सोडलं म्हणून ते माळशेजला राहिले का?

नद्या, तिवरं आणि रोहित

बिबट्याचं नाव काढलं की सगळे कान टवकारतात, म्हणून मी त्याच्यापासून सुरुवात केली. पण मधला कट्टा फक्त त्यालाच लागतो असं नाही.

मुंबईत नद्या किती? मिठी, पोईसर, दहिसर, ओशिवरा. वर्गात विचारलं तर निम्मी मुलं म्हणतात "नाला!" या नद्यांचे उगम राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या डोंगरांत आहेत. विहार आणि पवई तलावांतून वाहून जाणारं जादा पाणी म्हणजे मिठी, आणि ती अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वर जंगल, खाली खाडीकाठची तिवरं, आणि मधला दुवा नदी. तिच्या काठावर झाडोरा असला तर पक्षी, फुलपाखरं, मुंगूस, सरडे, बेडूक अशी सगळी मंडळी त्या दोऱ्याने वर-खाली ये-जा करतात. काठ सिमेंटचे केले, पात्र अरुंद केलं, की दोरा तुटला.

आणि दोरा तुटला की काय होतं ते माणसांनीही पाहिलंय. २६ जुलै २००५. तुमच्यापैकी कोणीच तेव्हा जन्मलं नव्हतं, आई-बाबांना विचारा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी नववीत होते. शाळेतून घरी येताना कमरेएवढं पाणी होतं, शेजारच्या काकूंनी आम्हा पाच मुलांना एका ओढणीला धरून रांगेत घरी आणलं. पाऊस अफाट होता हे खरं. पण मिठीला पसरायला जागा ठेवलेली नव्हती हेही तितकंच खरं, आणि तिवरं तोडून तिथे भराव घातलेले होते. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरं तोडण्यावर बंदी आणली.

तुटलेला दोरा पुन्हा जोडताही येतो, बरं का. मिठीच्या काठी, धारावीला लागून, माहीम निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकरांची ही जागा पूर्वी चक्क कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होती! तिथे माती टाकून झाडं लावली आणि १९९४ साली ते उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आता तिथे तांबट 'टुक टुक' करतो आणि फुलपाखरं बघायला शाळांच्या सहली जातात. हे कोणा फुलपाखराला पत्र पाठवून बोलावलं नव्हतं. पलीकडे खाडीची तिवरं होती, मध्ये नदी होती, म्हणून ती आली.

रोहित पक्ष्यांची तर तऱ्हाच न्यारी. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत दर वर्षी हजारोंच्या संख्येने येतात. तिथे २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झालं, आणि २०२२ साली ती जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि रोहित मान खाली घालून जेवायला लागतात. पण भरती आली, की चिखल बुडतो. मग ते उडून नव्या मुंबईतल्या उथळ तळ्यांमध्ये जाऊन उभे राहतात, पुन्हा ओहोटी होईपर्यंत. बघा, 'डोंगर का पाणी' म्हणतात ते याहून वेगळं काय? आता खाडीचं अभयारण्य अगदी काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं जपलं, पण ती तळी बुजवली किंवा त्यांचं पाणी अडवून सुकवली, तर भरतीच्या वेळी हजारो पक्ष्यांनी उभं कुठे राहायचं? अभयारण्याची हद्द कागदावर असते. रोहितांना ती दिसत नाही.

तिकडे दोन देतो

आता आरेकडे येऊ. राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला लागून आरेची दूध वसाहत आहे, १९४९ सालची. गोठे, गवताची कुरणं, वारली लोकांचे पाडे आणि भरपूर झाडी. बिबटे तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. पाड्यांवर वाघोबाला पुजतात, तो देव शेजारी राहतो हे धरूनच तिथली माणसं अंधार पडल्यावर वागत आली आहेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये भुयारी मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली २,१४१ झाडं तोडली गेली, तीही एकदीड रात्रीत. मोठं आंदोलन झालं, कॉलेजची मुलंही त्यात होती. नंतर २०२० मध्ये सरकारने आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करायचं ठरवलं. कारशेड मात्र आरेतच झालं. मेट्रो आता धावते, मीही बसले आहे तिच्यात. गारेगार प्रवास होतो आणि रस्त्यावरच्या गाड्याही कमी होतील, हे मी नाकारणार नाही. मुंबईला रस्ते, रेल्वे, बोगदे लागतात. पण झाडं तोडताना नेहमी एक वाक्य ऐकू येतं, "इथली शंभर तोडली तर दुसरीकडे दोनशे लावू." ते ऐकलं, की मला माझे विटांचे दोन ढीग आठवतात आणि माझीच मला लाज वाटते. झाडांची बेरीज-वजाबाकी आम्ही शिक्षक फार सोपी करून शिकवतो. शंभर वजा, दोनशे अधिक, म्हणजे फायदा! पण झाड कुठे उभं आहे, त्याच्या एका बाजूला काय आहे आणि दुसऱ्या बाजूला काय, हे त्या गणितात कुठे येतच नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा मधला कट्टा उत्तरेला आहे. राष्ट्रीय उद्यानातून निघालेल्या बिबट्याला आधी घोडबंदर रस्ता ओलांडावा लागतो. मग वसईची खाडी. खाडीपलीकडे नागल्याचं जंगल लागतं, ते राष्ट्रीय उद्यानाचाच एक तुकडा आहे. तिथून पुढे चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग. तो ओलांडला, की तुंगारेश्वर अभयारण्य, आणि तिथून पुढे तानसापर्यंत रान. आजोबांनी ही वाट उलटी चालून दाखवली होती. नागल्याचं जंगल लहान आहे, पण नकाशावर बरोबर मध्ये आहे! ते जपलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे रस्ते-रूळ ओलांडायची सोय ठेवली, तर मुंबईचं जंगल तानशाशी जोडलेलं राहील. ते तुटलं, तर १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान एक भलामोठा पार होऊन बसेल. त्याच पट्ट्यातून मालगाड्यांचा वेगळा रेल्वेमार्गही आखलेला आहे, आणि दोन्ही बाजूंनी गोदामं नि इमारती वाढतायत.

मग सोय कशी करायची? आपल्याच महाराष्ट्रात उदाहरण आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या वाघांच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्रातल्या भागात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी पूल बांधले. गाड्या वरून, प्राणी खालून. सर्वांत लांब पूल तर ७५० मीटरचा आहे. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुकरं, रानकुत्रे आणि वाघसुद्धा पुलाखालून आरामात जाताना दिसले. सगळीकडे एवढे मोठे पूल लागतात असंही नाही. काही ठिकाणी रस्त्याखालची मोरी जरा मोठी आणि कोरडी ठेवली, तोंडाशी झुडपं राहू दिली, दिव्यांचा झोत तिच्यावर टाकला नाही, तरी खूप काम होतं. प्राणी भित्रे असतात. लख्ख उजेडातल्या, कचऱ्याने भरलेल्या मोरीत ते पाऊल टाकत नाहीत.

आई-बाबांसाठी दोन ओळी. तुम्ही आरे, येऊर, मुलुंड किंवा घोडबंदरच्या बाजूला जंगलालगत राहत असाल, तर बिबट्याचं कौतुक करताना काळजीही घ्या. आरेमध्ये २०२१ आणि २०२२ साली माणसांवर हल्ले झाले आहेत, एका लहान मुलीचा जीवही गेला आहे. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका, वाटेवर दिवे असू द्या, उघड्यावर एकट्याने बसणं टाळा. सोसायटीबाहेर कचरा साठू देऊ नका. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

आमचा नकाशा

जानेवारीत आम्ही वर्गात एक मोठा कागद जमिनीवर पसरला आणि शाळेपासून डोंगरापर्यंतचा नकाशा काढला. जिथे जिथे झाड, तिथे हिरवा ठिपका. प्रत्येकाने आपापल्या घराजवळची झाडं मोजून आणायची. वड-पिंपळ-उंबर असेल तर मोठा ठिपका, कारण त्यांची फळं खायला धनेश येतो आणि बिया लांबवर टाकतो. दोन दिवसांत नकाशात ठिपक्यांची एक वाकडीतिकडी माळ दिसायला लागली. ती डोंगरापासून निघून, बसडेपोच्या मागून, शाळेमागच्या नाल्याच्या काठाने आमच्या पिंपळापर्यंत येत होती. नाल्याचा ठिपका कोणीच काढला नव्हता. तो काढला पुढच्या बाकावरच्या एका अबोल मुलाने. नाल्यावरच्या छोट्या पुलाखाली एक मोठा पाइप आहे, तिथे त्याने तपकिरी खडूने खूण केली आणि म्हणाला, "इथून मुंगूस येतं. सकाळी. मी रोज बघतो."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी बाराजण त्याच्याबरोबर भिंतीवरून डोकावत होते. मुंगूस आलं. पाइपच्या तोंडाशी थांबलं, इकडेतिकडे बघितलं आणि सुर्रकन पिंपळाच्या मुळांशी पळालं.

नाल्याचं काम होणार असल्याची पाटी गेल्या महिन्यात लागली आहे. काठ बांधून वर स्लॅब टाकणार म्हणतात. पाइप राहू द्या आणि पाइपजवळची चार झाडं राहू द्या, असं पत्र मुलांनी वॉर्ड ऑफिसला लिहिलं. सोबत नकाशाची नक्कलही जोडली. शुद्धलेखन मी तपासलं, मजकूर त्यांचाच आहे. शेवटची ओळ अशी होती : "दुसरीकडे झाडे देऊ नका, आम्हाला मध्ये पाहिजेत."

उत्तर अजून आलेलं नाही. मुंगूस मात्र सकाळी साडेसहाच्या सुमाराला रोज येतं.